पाण्याचा मान

विमल इंगळे मॅडमची आणि माझी पहिली भेट माझ्या धान्याच्या दुकानात झाली, आणि ती काही फार गोड नव्हती. शिरपूरच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका म्हणून नुकत्याच रुजू झाल्या होत्या. भर दुपारी दुकानात आल्या आणि फाटका बारदाना मागू लागल्या. पोती कशाला हवीत असे मी विचारले, तर म्हणाल्या, "कुटार भराचं हाय, भाऊ." कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा. एवढे बोलून त्यांनी कोपऱ्यातल्या तुरीच्या पोत्याला कमरेत मिठी मारली आणि खांद्याने रेटून ते आडवे केले. पोत्याचे तोंड शिवलेले नव्हते. तूर दुकानभर झाली. "इतकं जड नाही पायजे," असा शेरा मारून त्या शांतपणे खाली बसल्या आणि ओंजळीने तूर भरू लागल्या.

रग्बी हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. त्या खेळाच्या चेंडूला सगळे जण अंड्यासारखा म्हणतात. आमच्या जैन घरात तो शब्द नको म्हणून मी आजही खरबुजासारखा म्हणतो. धावत जाऊन माणसाला पाडायचे, असला खेळ शाळेत असावा हेच मला पटेना. शाळेच्या समितीवर होतो, तेव्हा बैठकीत तसे बोलूनही दाखवले. मॅडमनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी मला मैदानावर बोलावले. कुटार भरलेली माझीच पोती उभी होती आणि मुलेमुली त्यांना मिठ्या मारून पाडत होती. मॅडमचा आवाज साऱ्या मैदानावर ऐकू येत होता : "खांद्याच्या वर हात गेला नाही पायजे! आन ज्याले पाडलं त्याले हात देऊन उठवाचं. उठवलं नाही त बाहेर काढीन!" पाडल्यावर उठवायची सक्ती असलेला खेळ मी तोवर पाहिला नव्हता. माझा विरोध तिथेच गळाला आणि मॅडमना बारदाना पुरवायचे काम माझ्या गळ्यात पडले, ते आजतागायत आहे.

मॅडमची शिस्त कडक. सरावाआधी प्रत्येकाने मैदानातले गोटे वेचायचे, त्यातून मुख्याध्यापकही सुटले नाहीत. मेडशीहून एसटीने येणाऱ्या मुलींची बस चुकली तर त्यांना घरी पोचवल्याशिवाय त्या स्वतः घरी जात नसत. कौतुक करताना त्यांचा हात आखडता असतो आणि त्यांच्या हातचा चहा, त्यांनी मला क्षमा करावी, शत्रूलाही पाजू नये असा असतो. पण माणूस अडचणीत असताना त्या कशा वागतात हे मी माझ्या घरात अनुभवले आहे. माझ्या पत्नीची शस्त्रक्रिया अकोल्याला झाली तेव्हा घरी माझी म्हातारी आई एकटी होती. सूर्य मावळल्यावर ती पाण्याचा थेंबही घेत नसे. मॅडम रोज सराव लवकर आटोपून येत, तिला उजेडी जेवू घालत आणि मग दुकानात बसत. चाखून पाहतो म्हणत मूठ मूठ फुटाणे खाणारी गिऱ्हाइके त्या दिवसांत फिरकली नाहीत. आई जाईपर्यंत मॅडमची आठवण काढत असे, आणि सुनेपुढे काढत असे, हे विशेष.

त्यांच्या संघात एक प्रथा आहे. आधीच्या सामन्यात जो सर्वांत चांगला खेळला, त्याने पुढच्या सामन्याला पाणी भरायचे आणि मैदानात नेऊन द्यायचे. आपल्या संघाला आणि समोरच्यांनाही. मुले या मानासाठी जीव तोडून खेळतात. मॅडमना ही कल्पना कुठून सुचली, हे मी बरीच वर्षे कधी विचारले नाही. ते मला कळले आकाशच्या हंगामात.

आकाश हा आमच्या गावच्या देवरावांचा मुलगा. देवराव ट्रॅक्टर चालवतात, स्वभावाने तापट आणि पोरावर जीव टाकणारे. पोते पाडण्यापासून मॅडमनी घडवलेला हा मुलगा पुढे राज्याकडून खेळला आणि व्यावसायिक रग्बी लीगच्या एका संघाने त्याला निवडले. न्यूझीलंडपासून कुठकुठल्या बेटांवरचे धिप्पाड खेळाडू त्या संघात होते. आकाश निघाला त्या दिवशी बँड लावला होता. मी गोदाम झाडून घेतले, मोठा टीव्ही बसवला आणि पहिल्या सामन्याला अर्धे गाव तुरीच्या थप्प्यांवर चढून बसले. आकाश बाकावरून उठलाच नाही. दुसऱ्या सामन्यात तो उठला, मैदानात धावतही गेला. गोदामात शिट्ट्या पडल्या. मग दिसले की त्याच्या दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या होत्या.

पुढेही तेच. दमलेल्यांना पाणी द्यायचे आणि पळत बाहेर यायचे. थप्पीवरून कोणीतरी ओरडले, "देवरावभाऊ, पोरगं पाणीपुरवठ्यात लागलं वाट्टे!" गोदाम हसले. देवराव उठून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते तडक मैदानावर आले. मी नवी पोती द्यायला गेलो होतो, म्हणून समोरच होतो.

"मॅडम, म्या पोराले खेळाले धाडलं का लोकाईले पानी पाजाले? सारं गाव हासून राह्यलं. म्या त्याले फोनवर सांगतलं, बॅग भर आन घरी ये."

"थो काय म्हनला?"

"काय म्हनन? येतो म्हने. त्याले बी शरम वाटून राह्यली."

हंगाम अर्धा टाकून आला असता, तर आकाशला पुन्हा कोणी विचारले नसते. इतक्या वर्षांची मेहनत एका टवाळीपायी मातीत जाणार होती. मॅडम मात्र एवढेच म्हणाल्या, "बसा भाऊ. सराव पाहा."

मध्यंतरात एक मुलगी बाटली घेऊन सगळ्यांकडे फिरली, मग देवरावांपुढेही आली. ते पाणी प्यायले. "तू खेळत नाही काय वं?" त्यांनी विचारले.

"मी कॅप्टन हावो, काका," ती म्हणाली आणि पुढे गेली.

मग मॅडम बोलल्या. आवाज चढला नाही, डोळे मुलांवरच होते. "देवरावभाऊ, मी शाळेत कबड्डी खेळत होती. खेळताना साऱ्या पोरी मले धरत. हात धरत, पाय धरत, अंगावर पडत. तवा काही होत नव्हतं. पन पानी प्याच्या वक्ती मले बाजूले ओंजळ धरा लागे, आन वरून ओतत. तवाच ठरवलं, आपली टीम झाली त तिचं पानी सगळ्यात चांगला खेळनारा आनन, आन एकाच बाटलीतून सारे पितीन. आकाशनं इथं किती डाव पानी आनलं, तुमाले ठाऊक नाही. त्याले त्याची शरम नव्हती. आता आपनच त्याले शरम शिकवून राह्यलो."

देवरावांनी खिशातून फोन काढला. "आकाश? ऐक. येऊ नको. थांब तिथंच." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "आन पानी नीट देत जाय."

माझे डोळे भरून आले होते, हे सांगायला मला आज संकोच वाटत नाही.

आकाश थांबला. शेवटच्या सामन्यात, अगदी संपता संपता, त्याला आत घेतले. चेंडू त्याच्या हाती आलाच नाही. पण समोरचा एक आडदांड खेळाडू चेंडू घेऊन मोकळा सुटला होता, त्याच्यामागे आकाश धावला आणि गोलरेषेच्या अलीकडे कमरेला मिठी घालून त्याने त्याला पाडले. अगदी कुटाराचे पोते पाडावे तसे. आणि लगेच हात देऊन उठवले. गोदामात जो गलका झाला, त्याने शेजारच्या देवळातले भाविक बाहेर आले. आकाशचा संघ त्या वर्षी अंतिम फेरीत पोचला नाही; आकाशला मात्र पुढच्या हंगामाचे बोलावणे आले. मॅडमनी सामना पाहून एकच अभिप्राय दिला : "पकड थोडी वर झाली." देवराव त्यांच्या शेजारी बसले होते. मला म्हणाले, "लय खूश हाय त्या, शेठ. मले कयते आता."

यंदा मॅडमना अठ्ठावन्न वर्षे पूर्ण होत आहेत. शाळेतून त्या निवृत्त होत असल्या, तरी मैदान सोडण्याचा त्यांचा विचार दिसत नाही. परवाच बारदान्याचा निरोप आला. सत्काराच्या तयारीची बैठक माझ्याच गोदामात झाली. शाल कोणी द्यायची, हार कोणी घालायचा, यावर नेहमीप्रमाणे बरीच ओढाताण झाली. देवराव मागे बसून होते. सगळे पांगल्यावर माझ्याजवळ आले.

"शेठ, मंचावर मॅडमले पानी मी देऊ काय? पन त्याईचा नियम हाय, चांगला खेळला त्यानंच द्याचं. मी त कधी खेळलो नाही."

मी म्हणालो, "देवराव, पोराला फोन करून थांब म्हणालात, त्या दिवशी मैदानावर तुमच्याएवढं चांगलं कोणीच खेळलं नाही."

सत्कारानिमित्त निघणारा हा गौरवग्रंथ तुमच्या हाती पडेल तोवर मॅडमनी ते पाणी घेतलेले असेल. त्यांना उदंड आयुष्य आणि पोते पाडण्याची ताकद अशीच लाभो, आणि त्यांना पाणी देण्यासाठी आमच्या गावात सदैव अशीच रांग लागो.