घरमालकांचं रेडकू

जगात जे जे वाईट होणं शक्य आहे ते सगळं आपल्याच अंगणात होणार, याबद्दल पालीच्या आमच्या घरमालकांइतकी खात्री असलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. एकोणीसशे साठच्या दशकाच्या अखेरीस मी उत्तनकडच्या एका शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि खोली शोधत त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. खोली भाड्याने देणारा माणूस खोलीचं कौतुक करतो अशी माझी समजूत होती. हे गृहस्थ मला आत नेऊन एकेक संकट दाखवू लागले. "ही भित या पावसात पडंल. त्या कोपऱ्यात साप निघतो. विहिरीचं पाणी खारट हाय, पोट बिघडंल तुमचं." मी विचारलं, "मग खोली द्यायची आहे ना?" ते म्हणाले, "द्यायची हाय की. पण तुमी र्‍हाणार न्हाय." मी बदली होईपर्यंत तिथंच राहिलो. भिंत जागची हलली नाही. पण पावसाळाभर ते रोज सकाळी तिला कान लावून बघत आणि मान हलवत परत जात.

होड्या बांगड्यांनी भरून आल्या, सगळं गाव किनाऱ्यावर धावलं, की हे म्हणत, "आता भाव पडंल." बांगडा मिळाला नाही की म्हणत, "बघा." भाईंदरची एसटी येणार नाही असं ठरवून ते चालायला लागत आणि दरवेळी एसटी त्यांच्या अंगावर धूळ उडवत पुढे निघून जाई. माझ्या वर्गातल्या मुलांना तर ते निकालाच्या आधीच गाठून, नापास झालास तरी जाळं विणायला शिकवीन, असा धीर देत. मरणाचीही तयारी होती. एक जुनी होडी मोडली तेव्हा तिच्या सागाच्या फळ्या त्यांनी स्वतःच्या शवपेटीसाठी घेऊन माळ्यावर रचून ठेवल्या होत्या. घरमालकीण ही हसरी, धिप्पाड बाई त्या फळ्यांवर खुशाल सुकट वाळवत असे. एवढं असूनही त्यांचा राग येत नसे, कारण तोंडाने सगळं बुडालं म्हणणाऱ्या या माणसाचे हात मात्र एक क्षण रिकामे नसत.

त्यांची एकुलती एक मुलगी, तिचं लग्न वसईकडे ठरलं. पुढल्या वर्षीच्या नाताळानंतरचा मुहूर्त धरला. त्यांच्या किरिस्ताव समाजात लग्नाच्या जेवणाला घरी वाढवलेला रेडा असला तर मानाचं समजत, म्हणून एका रविवारी चर्चमधून आल्याबरोबर ते मला म्हणाले, "चला मास्तर, मिरा गावच्या तबेल्यात जाऊन येऊ. मिळणार तर काय न्हायच."

मिळालं. तबेल्याच्या भय्याला म्हशीच्या नर पिल्लाचं ओझंच होतं. "ले जाओ चाचा, पाडा है, खाली दूध पी जाएगा," म्हणत त्याने चार-सहा दिवसांचं, काळं, ओलसर नाकाचं, नुसत्या काटकुळ्या पायांचं रेडकू आमच्या पुढ्यात आणून उभं केलं. भाईंदरपासून मीठ टाकून परतणाऱ्या बैलगाडीत बसायचं ठरलं होतं. तिथवर घरमालकांनी ते खांद्यावरून नेलं. तबेल्यात त्याची आई ओरडत होती. आम्ही वळणापलीकडे गेलो तरी ऐकू येत होती, आणि खांद्यावरून रेडकू तिला उत्तर देत होतं. घरमालक मान खाली घालून चालत म्हणाले, "मना शिव्या देतेय ती."

मुर्धा, राई ही वाटेवरची गावं मागे पडली तसं रेडकू गप्प झालं आणि घरी पोचल्यावर त्याने आणखी एक गोष्ट बंद केली, ती म्हणजे पिणं. दुधाची बादली पुढे ठेवली की तोंड फिरवी. शेजारच्या म्हशीचं दूध पाणी घालून कोमट केलं, बाटलीत भरलं, चिंधी भिजवून तोंडात दिली. ते चिंधी थुंकून टाकी आणि फाटकाकडे बघत उभं राही. सगळं पाली गाव सल्ले देऊन गेलं. घरमालक सगळ्यांचं ऐकत, सगळं करत आणि शेवटी म्हणत, "मरतोय तो." तिसऱ्या दिवशी ते पाद्रीबाबांकडे गेले. जे जनावर आपण जेवणासाठी आणलं त्याच्या जिवासाठी प्रार्थना केलेली चालते का, असं त्यांनी विचारलं. पाद्रीबाबा बराच वेळ विचार करून म्हणाले, "प्रार्थना करा. जेवणाचं जेवणाच्या वेळी बघू."

प्रार्थना केली की नाही ठाऊक नाही. दुपारी मी शाळेतून आलो तेव्हा ते अंगणात मांडी घालून बसले होते, रेडकाचं डोकं दोन्ही गुडघ्यांत धरलेलं, आणि दुधात बुडवलेली बोटं त्याच्या तोंडात. रेडकू बोटं चोखत होतं. ते हात हळूहळू खाली नेत होते, बादलीत, दुधाच्या खाली, आणि बोटांच्या मागोमाग तोंडही दुधात गेलं. गटागट आवाज झाला. घरमालकीण दारातून बघत होती, तिने क्रुसाची खूण केली. घरमालकांनी रिकामी बादली कलती करून पाहिली आणि म्हणाले, "प्यायला. आता हगंल."

संध्याकाळपर्यंत हगवण लागली. आईचा चीक पुरता पोटात गेलेला नव्हता, त्यात दूध बदललेलं. रेडकू पडून राहिलं, डोळे आत गेले, अंग गार पडलं. घरमालक चालत भाईंदरला जाऊन गुरांच्या डॉक्टरला विचारून आले. दूध बंद करा, उकळून कोमट केलेलं मीठ-गुळाचं पाणी थोडं थोडं पाजा, जमिनीची ओल लागू देऊ नका, असं तो म्हणाला होता. ओल कशी टाळायची? घरमालक माळ्यावर चढले आणि सुकट बाजूला सारून पेटीच्या फळ्या एकेक करून खाली घेऊ लागले. बायको म्हणाली, "अवो, त्या तुमच्यासाठी हायत ना?" ते म्हणाले, "मना काय, जमिनीतच जायचं हाय. त्याला थंडी लागते." फळ्यांवर पेंढा, पेंढ्यावर रेडकू, रेडकाच्या अंगावर गोणपाटाचा अंगरखा. तो त्यांनी स्वतः शिवला होता आणि त्याला बटणंसुद्धा होती.

मी एकदा म्हटलं, "तुम्हाला तर वाटतंय ते जगणार नाही. मग एवढं कशाला?" वाटीतलं पाणी त्याच्या ओठांशी धरत ते शांतपणे म्हणाले, "मरणारच हाय तो, मास्तर. मरेस्तोवर पाजू दे की."

ते मेलं नाही. त्यात त्यांना थोडा अपमान वाटला असावा, कारण रेडकू उठून उभं राहिलं त्या दिवशी ते कुणाशी फारसे बोलले नाहीत. त्याला नाव ठेवायचं नाही अशी घरात सक्त ताकीद होती. स्वतः ते त्याला "ए मेल्या" म्हणत. अंगणात ही हाक आली की रेडकू जिथं असेल तिथून उधळत येई. घरमालक शेतावर गेले की मागे, किनाऱ्यावर गेले की मागे. रविवारी चर्चच्या पायरीपाशी उभं राहून आतल्या गाण्यात मध्येच आपला आवाज मिसळी, आणि घरमालक, आपला त्याच्याशी काहीच संबंध नाही अशा चेहऱ्याने, पुस्तकात डोकं घालून बसत. पार शिंगं फुटली तरी ते दिसताक्षणी त्यांची बोटं तोंडात घ्यायची सवय गेली नाही.

मग नाताळ झाला. लग्नाच्या आदल्या दिवशी खाटीक आला. त्याने दावं ओढलं तर रेड्याने चारी पाय रोवले. दोघातिघांनी जोर लावला, तो हलेना. नवरीमुलगी हळद लागलेल्या अंगाने बाहेर आली आणि रडत म्हणाली, "पापा, र्‍हाऊ द्या त्याला. भाईंदरवरून दुसरा आणा."

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. मलाही वाटलं, आता हे हो म्हणणार. ते म्हणाले, "दुसऱ्याला पण आई असंलच ना, बाय."

त्यांनी दावं सोडून खाटकाच्या हातात दिलं. "ए मेल्या," म्हणाले आणि बोटं पुढे केली. मोकळा रेडा बोटं चोखत, शेपटी हलवत, त्यांच्याबरोबर घरामागच्या शेतात गेला. खाटीक सोडला तर आम्ही कुणीही मागे गेलो नाही. ते परत आले ते विहिरीवर गेले आणि पोहऱ्यामागून पोहरा काढून हात धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी मांडवात त्यांनी सगळ्यांना स्वतः वाढलं. मी रेड्याचं मांस खात नसे, म्हणून माझ्यासाठी वेगळी पापलेटाची आमटी करायला ते विसरले नव्हते. सगळे उठल्यावर ते जेवायला बसले. मला वाटलं ते नुसता भात खातील. पण त्यांनी त्याच रेड्याचं मटण वाढून घेतलं, आणि मान वर न करता ताटातलं सगळं संपवलं. हाडाला लागलेलंसुद्धा टाकलं नाही. घरमालकीण त्यांच्या शेजारी पंखा घेऊन बसली होती. तिला हसू येत नव्हतं.

मुलगी वसईला गेली. घरमालक शेतावर जात, जाळी दुरुस्त करत, सगळं पूर्वीसारखं चाललं होतं. फक्त काय बिघडणार आहे ते सांगणं त्यांनी सोडून दिलं. त्याचीच घरमालकिणीला काळजी लागली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "मास्तर, तुमी बोला ना त्यांच्याशी. वाईट काय होणार ते पण आता सांगत न्हाय."

बदलीचा हुकूम आला तेव्हा मी ट्रंक बांधून त्यांचा निरोप घ्यायला गेलो. ते ओट्यावर बसले होते. बदली आडबाजूच्या एका गावी झाली होती, तिथं ओळखीचं कुणी नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं आणि बोलणं ऐकायला सरसावून बसलो. तिथलं पाणी, तिथले साप, तिथली माणसं, कशावर तरी ते येतील म्हणून वाट पाहिली.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"चांगलं असंल गाव," ते म्हणाले.