सरांची साइट चालून गेली!

मंडळी, आज गप्प बसवतच नाहीये, म्हणून लिहितेय.

आमची कंपनी लोकांच्या वेबसाइट आपल्या सर्व्हरवर चालवते. ऑफिस पुण्याला, मी इथे झाशीत, सीपरी बाज़ारात घरून काम करते. आत्तापर्यंत आमच्याकडे फक्त पायथन आणि जावास्क्रिप्ट या कोडच्या भाषा चालायच्या. आमच्या गल्लीतल्या कोचिंगवाल्या सरांची साइट पीएचपीत. त्यांना सांगावं लागलं, आधी ती पायथनमध्ये पुन्हा लिहा. ते म्हणाले, "बिटिया, चलती हुई चीज़ दुबारा काहे लिखें?"

ते मनाला लागलं. मी टीमच्या मागेच लागले, तर पीएचपी, रूबी आणि गो, तिन्ही भाषा आमच्याकडे चालवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं!

तिन्हींचं काम संपलं, आणि आज दुपारी व्हिडिओ कॉलवर सगळ्यांसमोर सरांचा कोड जसाच्या तसा सर्व्हरवर चढवला. पान उघडलं! मी ओरडलेच, "सरांची साइट चालून गेली!"

आमच्या घरात असंच म्हणतात. पुण्याच्या ऑफिसातला निखिल हसला, "चालून गेली? कुठे गेली चालत? अगं, सुरू झाली म्हणतात."

एरवी अशा वेळी मी मुकाट हिंदीवर येते. आज म्हटलं, "जो ज्या भाषेत लिहून आणेल, ती आपण चालवायची, असंच ठरलंय ना? मग माझी झाशीची मराठीपण चालव."

थोड्या वेळाने त्यानेच ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं: "तीन नव्या भाषा चालून गेल्या. झाशीची मराठी धरून चार!"

तुमच्या घरच्या मराठीतलं काय लोक दुरुस्त करतात? खाली लिहा. जसं बोलता तसंच.