आठशे वर्षांचं कुंड आणि आमचे शेजारचे काका

मुदखेडात आजवर जितकी माणसं निराश झाली असतील, त्या सगळ्यांची निराशा एकत्र केली तरी आमच्या शेजारच्या काकांना ती सकाळच्या चहालाही पुरायची नाही. काकांची सारी नोकरी रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये गेली. गाडी वेळेवर येणार नाही हे ते इतक्या खात्रीनं सांगत की गाड्याही त्यांचा शब्द मोडत नसत. आभाळ निरभ्र दिसलं की छत्री घेऊन निघत. एकदा तपासणीचे सगळे रिपोर्ट चांगले आले, तर आठवडाभर तोंड पाडून बसले. "मशीन बिघडल्याली आसंल," म्हणाले. मी रोज कुंपणापाशी उभा राहून "होईल हो नीट" म्हणायचो आणि ते रोज "न्हाई होत" म्हणायचे. आमची दोस्ती एवढ्यावरच चालली होती.

असा हा माणूस एकदाच आशेला लागला. घर ख्रिस्ती; काकू वारल्यापासून काका एकटेच, आणि एकुलती एक मुलगी इंग्लंडात नर्स आहे. तिला मुलगी झाली आणि तिथल्या गावच्या जुन्या चर्चमध्ये बाप्तिस्मा करायचं ठरलं. ज्याच्या पाण्यानं बाळाला बाप्तिस्मा देतात, त्या तिथल्या आठशे वर्षांपूर्वीच्या दगडी कुंडाचा फोटो तिनं पाठवला. कुंडाच्या भोवती सिंह कोरलेले. काका तो फोटो मोठा करकरून मला दाखवत. "नाकं गेल्यात बगा समद्यांची. आठशे वर्सं टिकलं म्हंत्यात, आता आमच्या लेकराच्या टायमालाच फुटतंय का काय!" बोलत होते असं, पण डोळे चमकत होते. कुंड किती वीत खोल, पाणी कुठवर भरतात, मुलीला विचारविचारून त्यांनी भंडावून सोडलं. तळाच्या भोकातून ते पाणी थेट जमिनीत जातं हे कळल्यावर तर फारच खूश झाले. "नालीत न्हाई, मातीत जातंय. अक्कल हाय लोकान्ला." मग तिकडं जायला व्हिसाचा अर्ज केला, नांदेडहून जाड कोट आणला आणि सवय व्हावी म्हणून ऐन उन्हाळ्यात तो घालून अंगणात बसू लागले.

व्हिसा नाकारला गेला. हा माणूस परत येईल याची खात्री वाटत नाही, असं पत्र आलं. ते त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. "मी न्हाई येणार म्हंत्यात. हिची कबर हितं टाकून मी कुठं जातो हो?" तेव्हा मात्र मला "होईल नीट" म्हणवलं नाही.

बाप्तिस्मा रविवारी, आपल्याकडच्या दुपारी होता. मी गेलो तर काका कोट घालून अंगणात बसलेले. काकूंच्या शेळ्या पाणी प्यायच्या ती दगडी डोणी घासूनपुसून समोर ठेवलेली. तळाच्या भोकाला चिंधीचा बोळा कोंबलेला, आणि वितीनं मोजून तिकडच्याइतकंच पाणी भरलेलं. चर्चमधून मुलीचा व्हिडिओ कॉल आला, मी मोबाईल धरला. पाळकांनी बाळ हातावर घेतलं, कुंडात हात घातला. काकांनीही डोणीत हात घातला. आणि चित्र थांबलं.

थांबलं ते थांबलंच. मी फोन हलवला, गच्चीवर पळालो, परत आलो. काकांचा हात पाण्यातच होता. वीस मिनिटांनी मुलीचा फोन लागला तेव्हा सगळं आटोपलं होतं. "पप्पा, दिसलं ना?" तिनं विचारलं.

"हाव, समदं दिसलं," काका म्हणाले. "लई झ्याक झालं."

काहीतरी चांगलं झालं, असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि ते खोटं होतं. मला रडू आलं.

फोन ठेवून त्यांनी बोळा ओढला. पाणी मातीत मुरू लागलं. त्याकडे बघत, मान वर न करता ते म्हणाले, "हे खालून जाऊन तिकडच्या पाण्याला मिळत आसंल का हो?"

"मिळतं की," मी म्हणालो.

आता ते "न्हाई मिळत" म्हणतील म्हणून मी थांबलो. ते मात्र कोटाची भिजलेली बाही तशीच ठेवून, सगळं पाणी मुरेपर्यंत बसून राहिले.