बियाण्याच्या कणगीतली मांजर

वालूरला आमचे किराणा आणि बियाण्याचे दुकान होते. पुढे दुकान, मागे घर आणि दोन्हींच्या मधे एक अरुंद, बिनखिडकीची खोली. या खोलीत बियाण्याच्या कणग्या असत. तुराट्या विणून केलेल्या, शेणमातीने आतून-बाहेरून लिंपलेल्या, कमरेइतक्या उंच. मृगाच्या तोंडावर आसपासच्या खेड्यांतले शेतकरी तूर, मूग आणि उडदाचे बी न्यायला येत. संस्थान जाऊन थोडीच वर्षे झाली होती. गल्ल्यात संस्थानची हाली आणि इंग्रजी कलदार अशी दोन्ही नाणी असत आणि वडिलांच्या बोलण्यात मुदत, कसूर, फैसला हे शब्द रोजचे होते. वडिलांना घरात आणि गावात सगळेच अप्पा म्हणत. मी मॅट्रिक होऊन दुकानात बसत होतो. थोरला भाऊ खरेदीसाठी खेडोपाडी हिंडे आणि घरी पाहुण्यासारखा येई.

बियाण्याच्या खोलीत उंदीर फार होते. थोरल्या भावाचे लग्न झाले तेव्हा अप्पांनी जुन्या देवळांच्या चारठाण्याला, वहिनीच्या माहेरी, एक मांजर पाहिली होती. त्या घराच्या कोठारात एकही पोते कुरतडलेले नव्हते. अप्पांनी व्याह्यांकडे तिचे एक पिल्लू मागितले. वहिनी पहिल्या सणाला माहेरी जाऊन परतली तेव्हा बैलगाडीत तिच्यासोबत करड्या रंगाची, शेपटीला पांढरे टोक असलेली मांजर होती. गल्लीत चर्चा झाली. समोरची म्हातारी आईला म्हणाली, "सोनं कमी पडलं म्हणून मांजर धाडली का व्याह्यानं?"

आईला ते लागले. मांजर अप्पांनी मागितली होती ही गोष्ट ती त्या दिवसापासून विसरली.

मांजरीला शिस्त होती. चारठाण्याला तिला चुलीतल्या राखेच्या पाटीत जायची सवय लावलेली होती. वहिनीने मागच्या पडवीत एक जुने घमेले ठेवले, त्यात राख पसरली आणि मांजर पहिल्या दिवसापासून तिथेच जाऊ लागली. वर राख ओढायची, हुंगायची, पुन्हा ओढायची. वहिनी रोज सकाळी घमेले उकिरड्यावर रिकामे करी आणि नवी राख घाली. दिवाळीपर्यंत उंदीर कमी झाले. अप्पा दुकानात येणाऱ्याला सांगू लागले की मांजर चारठाण्याची आहे.

वहिनी त्या घरात वर्षभराचीही नव्हती. सासूसमोर ती विचारल्याशिवाय बोलत नसे, सासऱ्यासमोर उभी राहत नसे, नवरा गावात नसे. दिवसभरात ती मोकळेपणाने बोले ती फक्त त्या मांजरीशी, तेही पडवीत, घमेले भरताना.

तूर घरात आली आणि प्रकरण सुरू झाले. पौष संपत होता. एका सकाळी बियाण्याच्या खोलीत उग्र वास आला. मधल्या कणगीत वरच्या थरातच घाण होती आणि ती नीट उकरून झाकलेली होती. अप्पांनी वरची तूर काढून उकिरड्यावर टाकली. पुढे पुन्हा तसेच झाले. त्यानंतर एक शेतकरी बी पाहायला आला. आमच्याकडे गिऱ्हाईक कणगीत कोपरापर्यंत हात घालून आतली मूठ वर काढते, ती दाताखाली धरते आणि मग भाव विचारते. या माणसाने हात घातला, बाहेर काढला, नाकाशी नेला.

"अप्पा," तो म्हणाला, "बियासंगट खतबी देयलाव का? का त्याचा भाव येगळा?"

दुकानातले सगळे हसले. अप्पाही हसले. गिऱ्हाईक गेल्यावर ते मागे आले आणि आईला म्हणाले, "शिवरात्रीपर्यंत मुदत. तवर मांजर सुधरली तर ऱ्हाईल. न्हाई तर सेलूच्या बाजाराला गाडी जायलीय, तीत पोत्यात घालून धाडतो. कापसाच्या जिनिंगजवळ सोडली की खाईल तिकडंच उंदीर."

वहिनी स्वयंपाकघरात होती. तिने ते ऐकले. तवा चुलीवर होता आणि भाकर करपल्याचा वास आला.

आईने आपल्या पद्धतीने उपाय केले. मांजरीला मानेला धरून घाणीवर तिचे नाक टेकवले. मांजर ओरबाडून पळाली आणि दिवसभर माळवदावरून खाली आली नाही. मग खोलीचे दार लावून घेतले. उंदीर परत आले, कारण मांजरीला दार बंद म्हणजे उंदरांना दार उघडे. पुन्हा दार उघडले. कणगीभोवती लाल तिखट टाकले. मांजर शिंकली, अप्पाही शिंकले, दुकानात बसलेली गिऱ्हाइकेही शिंकली. समोरच्या म्हातारीने गळ्यात काळा दोरा बांधायला सांगितले. तो बांधला. मांजरीने तो एका रात्रीत चावून टाकला.

"एवढ्या देवळांच्या गावची," आई म्हणाली, "आन मांजरीला जागा कळंना."

हे मांजरीला उद्देशून नव्हते. वहिनीने मान खाली घातली आणि भांडी घासत राहिली.

थोरला भाऊ त्याच आठवड्यात एक दिवस घरी होता. वहिनीने त्याला काय सांगितले ते माहीत नाही. तो जेवताना एवढेच म्हणाला, "मांजरीचा खटला माझ्याकडं नको." आणि गाडी जुंपून निघून गेला.

त्या दिवसांत घरात आणखी एक काम चालले होते. बियाण्याच्या तुरीला कीड लागू नये म्हणून ती राख लावून ठेवतात. हे आईचे काम होते आणि त्यात ती कुणाला हात लावू देत नसे. आमच्या एका चुलीची राख पुरत नसे, म्हणून गल्लीतल्या घरांतून टोपल्यांनी राख येई. ती जुन्या लुगड्यातून वस्त्रगाळ होई. मग अंगणात गोणपाटावर तूर पसरून आई दोन्ही हातांनी तिला राख चोळी, उन्हात ठेवी आणि मग कणगीत भरी. राखेची एवढी ओढ असताना घमेल्यात रोज राख ओतलेली तिला खपेना. तूर आली त्याच सुमारास तिने वहिनीला सांगितले होते, "बियाला राख पुरंना, तिथं मांजरीला कशाला? वाळू घाल." वहिनीने नदीची वाळू आणून घमेले भरले.

घमेले सुनेच्या ताब्यात, राख सासूच्या आणि कणग्या अप्पांच्या. एकाच घरात तिघांची तीन कामे चालली होती आणि ती तिन्ही कुणी एकत्र धरून पाहिली नव्हती.

ती पाहिली गेली ती भर दुपारी, अंगणात. आईने दोन गोणपाट शेजारी शेजारी अंथरले होते. एकावर घरच्या डाळीची तूर होती, नुसती. दुसऱ्यावर बियाण्याची, राख लावलेली. तुरीवर सावली पडू नये म्हणून आई भिंतीला टेकून बसली होती. मी दुकानातून पाणी प्यायला आलो होतो. पडवीतून मांजर आली. ती आधी घमेल्याशी गेली, वाळूत एक पंजा ठेवला, लगेच उचलला आणि ओला झाल्यासारखा झटकला. मग अंगणात आली. डाळीच्या तुरीवरून चालत गेली, थांबली नाही. राखेच्या तुरीवर पोचली, हुंगले आणि उकरू लागली.

आईने सूप उचलले. स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी धावली. ती मांजरीला उचलायला वाकणार तोच आईचा आवाज आला.

"थांब. हाकलू नको तिला."

सूप आईच्या हातात वरच राहिले. मांजरीने खड्डा केला, आपले काम उरकले, राखेची तूर ओढून नीट झाकले आणि उन्हात जाऊन अंग चाटू लागली. आईने सूप खाली ठेवले. तिने घमेल्याकडे पाहिले, मग गोणपाटाकडे.

"अगं," ती म्हणाली, "ही चुकलीच न्हाई. तू हिला राख शिकवलीस, आन मी घरातली समदी राख तुरीला चोळून ठेवलीय."

वहिनी अजून वाकलेलीच होती. ती सरळ झाली आणि म्हणाली, "आत्याबाई, तिला वाटलं असंल, एवढ्या घरांतून राख गोळा केली ती कुणासाठी?"

आईला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती हसत राहिली आणि वहिनीही. सासू-सुना एकत्र हसल्याचे मी त्या घरात तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

अप्पांना हे सांगितले तेव्हा त्यांनी आधी अडचण पाहिली. "म्हंजी कसूर माझी?"

"कुणाचीच न्हाई," आई म्हणाली. "मांजरीचीबी न्हाई."

"बरं. घमेल्यात राख घाला. पर कणगीतबी राखच हाय. मग ती दोन्हीकडं जाईल. एकीकडंच कामून जाईल?"

मुद्दा बरोबर होता. कणगीची राख काढता येत नव्हती. म्हणजे मांजरीची सवयच राखेवरून दुसऱ्या कशावर तरी न्यायला हवी होती आणि ती जाईपर्यंत कणग्यांना झाकण हवे होते. झाकणाला अप्पा तयार नव्हते. तोंड झाकलेल्या कणगीतले बी गिऱ्हाईक घेत नाही, काय दडवलंय म्हणून विचारते, असे त्यांचे म्हणणे. शेवटी वहिनीने तुराट्यांची हलकी झाकणे विणली. एका हाताने उचलता येतील, पण मांजरीला सरकवता येणार नाहीत, अशी. अप्पांनी ती नाखुशीने ठेवली. दुसऱ्याच दिवशी आलेल्या शेतकऱ्याने झाकण उचलून बाजूला ठेवले, नेहमीसारखा कोपरापर्यंत हात घातला, मूठ दाताखाली धरली आणि भाव विचारला. झाकणाबद्दल त्याने एक शब्दही काढला नाही.

घाण झालेल्या कणग्यांची तूर काढून आईने त्या आतून पुन्हा लिंपल्या. जुना वास राहिला तर मांजर तीच जागा शोधणार, हे तिचे तिलाच सुचले. वहिनीने परसातली काळी माती आणली, ढेकळे फोडली आणि राखेच्याच लुगड्यातून गाळली. गाळल्यावर ती राखेइतकीच मऊ लागत होती. तिने अर्धी राख आणि अर्धी माती घमेल्यात घातली.

मांजर घमेल्याशी आली आणि हुंगून निघून गेली. संध्याकाळी मोरीतल्या भांडी घासायच्या राखेच्या डब्यात घाण सापडली.

वहिनी त्या डब्याशी बसून राहिली. शिवरात्र जवळ आली होती. आई मोरीत आली आणि डबा पाहिला. मला वाटले आता बोलणी बसणार.

"घाई केली आपण," आई म्हणाली. "सुनंला सासरचं अन्न गोड लागायला येळ लागतो. मांजरीला एका दिवसात माती कशी रुचंल?"

डबा झाकण लावून उंच कोनाड्यात गेला. घमेल्यात पुन्हा नुसती राख आली आणि मांजरही परत आली. दोन-तीन दिवस तिला तसेच जाऊ दिले. मग वहिनीने राखेत मुठीने माती मिसळायला सुरुवात केली. मांजरीला फरक कळला नाही की मूठ थोडी मोठी. मांजरीने एकदा नापसंतीने पंजा झटकला तेव्हा एक पाऊल मागे, पुन्हा जास्त राख. घमेल्याचा रंग पांढुरक्यावरून करडा झाला, मग काळसर. आई रोज पडवीत येऊन पाही. सकाळी दोघींचे पहिले बोलणे आता त्यावरच होई.

"गेली का?"

"गेली की. झाकून आली."

शिवरात्रीला घरात उपवास होता. सकाळी सगळी महादेवाच्या देवळात जाऊन आली. दुसऱ्या दिवशी सेलूला जाणारी गाडी दुकानासमोर उभी राहिली. गाडीवान आमच्या जुन्या ओळखीचा होता. त्याने आवाज दिला, "अप्पा, मांजर न्यायचं होतं न्हवं? पोतं घेऊनच आलोय."

वहिनी मधल्या दारात आली. सासऱ्यासमोर ती अशी कधी उभी राहिली नव्हती. आई तिच्या मागे होती.

अप्पा गल्ल्यावरून उठले. ते बियाण्याच्या खोलीत गेले. एकेका कणगीचे झाकण उचलले, वाकून वास घेतला आणि गिऱ्हाइकासारखा कोपरापर्यंत हात घातला. प्रत्येक कणगीतली मूठ वर काढून दारातल्या उजेडात धरली. बाहेर आले तेव्हा त्यांचा हात राखेने पांढरा होता. तो त्यांनी धोतराला पुसला.

"पोतं घेऊन जा," ते गाडीवानाला म्हणाले. "येताना त्यात मिरच्या भरून आन. मिरची चांगली बघ, मागच्या टायमाला दमट निघाली."

गाडीवान हसला. "आन मांजर?"

"मांजर कामावर हाय."

गाडी गेली. वहिनी दारातून आत वळली आणि चुलीशी जाऊन पीठ मळायला बसली. थोड्या वेळाने आई म्हणाली, "घमेलं भरायचं राहिलंय. आज राख मूठभरच टाक. माती जास्ती."

"आत्याबाई, आज तुमीच टाका," वहिनी म्हणाली. आवाज दुकानापर्यंत ऐकू आला. "माझे हात पिठात हायत."

आई उठली.