वरच्या मजल्यावरची फुले

देव एखाद्याच्या हाताला गुण देतो आणि मग त्याच गुणाच्या शेजारी दुसरा गुण आणून बसवतो. वहिनींच्या बाबतीत हा शेजार अगदी डोक्यावर, वरच्याच मजल्यावर, येऊन बसला होता.

वहिनींचा धंदा न्हाऊ घालण्याचा. माणसांना नव्हे; माणसे आपापली न्हातात, निदान तसे सांगतात तरी. वहिनी कुत्र्यामांजरांना न्हाऊ घालीत. तळमजल्यावरची रस्त्याकडची खोली हे त्यांचे राज्य: कमरेच्या उंचीची मोरी, नळाला जोडलेली लांब रबरी नळी, रबर अंथरलेले टेबल, दाराशी वाळणारे टॉवेल आणि या साऱ्यावर पसरलेला ओल्या केसांचा वास. तो वास वहिनींच्या अंगात इतका मुरला होता, की परक्या गल्लीतली कुत्रीही त्यांना पाहून शेपूट हलवीत आणि वहिनी संकोचून म्हणत, ‘‘आपली ओळख नाही बरं का.’’

लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्या कुत्र्याच्या सावलीलाही भीत. सासऱ्यांचा एक चावरा कुत्रा होता. त्याच्या अंगाला हात लावण्याची कुणाची छाती नव्हती, आणि त्याचा वास तर शेजारच्यांच्या ताटापर्यंत जाई. नव्या सुनेने एके दिवशी त्याच्यापासून हातभर अंतरावर पाट टाकला आणि ती निवांत भाजी निवडत बसली. असे रोज बसता बसता अंतर वितीवर आले, वितीचे बोटावर आले. आणि एका दुपारी सासरे बाहेरून येऊन पाहतात तो कुत्रा साबणाच्या फेसात आणि सून गाणे गुणगुणते आहे. तेव्हापासून लोक येऊ लागले. दाराला दोन घंटा होत्या, खालची आणि वरची. खालची दिवसभर वाजे. न्हाणे हे निमित्त. येणारा खरा येई तो विचारायला. वहिनी, हा खात का नाही? वहिनी, ही कान का खाजवते? वहिनी सांगत आणि लोक ऐकत. माणसाला भाकर लागते हे खरे, पण आपल्याला कुणीतरी विचारावे, ही भूक भाकरीहून जुनी आहे.

मग वर धाकटी जाऊ राहायला आली.

धाकटी दिवसभर संगणकापुढे बसे. तिने ‘मुक्यांची विचारपूस’ नावाचे एक संकेतस्थळ उघडले होते. नवे पिल्लू आणल्यावर आधी काय करावे, कोणती लस केव्हा टोचावी, घरातल्या कोणत्या वस्तू जनावरांना विषासारख्या, सुट्टीच्या दिवशी कोणता दवाखाना उघडा असतो, हरवलेल्या जनावराची जाहिरात कुठे द्यावी, असे सारे तिथे सोप्या शब्दांत मांडलेले असे, आणि प्रत्येक लेख ती जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासून घेई. स्वतःच्या घरात मात्र तिच्याकडे काही नव्हते. तिच्या नवऱ्याला केसाळ जनावर नुसते जिन्यात दिसले तरी शिंका येत.

‘‘घरात एक झुरळ पाळलं नाही आणि जगाला शहाणपण वाटत बसलीय,’’ वहिनी आपल्या नवऱ्याला म्हणत. तो ट्रक चालवी आणि घरी असला की शांतता पसंत करी. ‘‘झुरळं पाळावी लागत नाहीत,’’ एवढेच तो म्हणे.

हळूहळू वरची घंटा वाजू लागली. आधी कधीतरी, मग रोज. कुत्रा खाली न्हात असे, आणि त्याचा मालक तेवढ्यात वर जाऊन काहीतरी विचारून येई. खाली राहिले साबण आणि पाणी. प्रश्न सारे जिना चढून गेले. त्या पावलांचा आवाज वहिनी मोरीशी उभ्या राहून ऐकत, आणि हातातला कुत्रा कळवळला की त्यांना कळे, आपण फार जोराने चोळतो आहोत. मत्सराची ही तऱ्हाच आहे. जळतो एकीकडे आणि चटका देतो भलत्यालाच.

आणि गंमत पाहा. धाकटीचे पान या घरात सर्वांत नेमाने कुणी उघडत असेल, तर त्या वहिनीच! दुपारचे आवरले की त्या फोन हातात घेत, पान उघडत आणि बोटाने सर्रकन तळाशी जात. तळाशी लोक धाकटीचे आभार मानीत. तुमच्यामुळे आमचा मोत्या वाचला, तुम्ही देवासारख्या धावलात! वहिनी ते शब्दन्‌शब्द वाचत आणि फोन ठेवून देत. वरचा लेख काय होता, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. पंगतीला बसावे, आपल्या पानातले काही न चाखावे आणि शेजारच्याच्या ढेकरा तेवढ्या ऐकत राहावे, तसे ते वाचन.

धाकटीला याचा पत्ता नव्हता. ती प्रत्येक नवा लेख आधी वहिनींना पाठवी, ताई, तुमच्या नजरेखालून जाऊ दे म्हणून. वहिनी न उघडताच त्याखाली संमतीचा अंगठा उमटवीत. आपला अंगठा मिळाल्याशिवाय तिचे पान हलत नाही, एवढाच त्यातला गोडवा.

वहिनींचे स्वतःचे म्हणावे असे एकच जनावर होते. रावसाहेब. करड्या रंगाचा, मागच्या पायाने लंगडा, वयस्क बोका. कुणीतरी पिशवीत घालून दाराशी ठेवून गेलेले ते पोर आता खोलीतल्या खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्या कुत्र्यांकडे मालकाच्या नजरेने पाही. तो वहिनींखेरीज कुणाच्या मांडीवर बसत नसे. गल्ली वर गेली तर गेली, रावसाहेब खाली आहेत, असे त्या मनाशी म्हणत.

एका रविवारी सकाळी खालची घंटा वाजली. दारात फुलवाला उभा होता, हातात मोठा गुच्छ. ‘‘वरच्या बाईंसाठी,’’ तो म्हणाला. ‘‘त्यांच्या पानामुळे ज्यांचा हरवलेला कुत्रा मिळाला, त्यांनी पाठवलीत. वरची घंटा चालत नाही वाटतं?’’

वरची घंटा चालत होती. धाकटी तेवढी नवऱ्याबरोबर बाजारात गेली होती. वहिनींनी गुच्छ घेतला, देते म्हणाल्या, दार लावले. मोठमोठी, पांढरी, कर्ण्यासारखी उमललेली लिलीची फुले. मधोमध केशरी परागांचे तुरे. इतकी वर्षे या हातांनी जनावरांची घाण धुतली. कुणी एक पाकळी आणून दिली नव्हती. नेऊन देऊ संध्याकाळी, त्या स्वतःशी म्हणाल्या, तोवर पाण्यात राहू देत. बरणीत पाणी भरले आणि फुले खिडकीत ठेवली, रावसाहेबांच्या शेजारी. मग त्या जिन्यावरच्या पावलांचा कानोसा घेत बसल्या. धाकटी आली, वर गेली. खोलीत सुवास भरून राहिला, आणि वहिनींना तो आपलाच वाटू लागला.

दुपारी रावसाहेबांच्या तोंडातून लाळ गळत होती. मग तो ओकला. मांजर आहे, ओकायचेच, एक वेळ उपास घडला की झाले, असे म्हणून वहिनींनी जागा पुसली. तो पुन्हा ओकला आणि खिडकी सोडून टेबलाखाली जाऊन बसला. त्याला बाहेर काढताना वहिनींच्या बोटांना केशरी रंग लागला. त्याच्या मिशांना, छातीला, पंजांना पराग चिकटले होते. बरणीतले एक पान कडेला कुरतडलेले होते.

त्यांनी फोन उचलला. मांजर, फूल, ओकणे, असे काहीतरी लिहिले. पहिलेच आले ते धाकटीचे पान. वहिनींनी ते बंद केले. तिच्याकडून तेवढे नको. दुसरे एक उघडले, कुठल्याशा जनावरांच्या इस्पितळाचे, त्यात तेच. तिसरे उघडले, त्यातही तेच. सारे जग त्या दिवशी धाकटीच्या बाजूने बोलत होते. शेवटी त्यांनी धाकटीचेच पान उघडले, आणि आयुष्यात प्रथमच ते वरून वाचायला घेतले. लिली मांजराला घातक. पाकळी, पान, पराग, बरणीतले पाणीसुद्धा. मूत्रपिंडे निकामी होतात. घरगुती उपाय करू नका, लक्षणांची वाट पाहू नका, ताबडतोब डॉक्टरांकडे न्या, फूल सोबत घ्या. खाली रविवारी उघड्या असलेल्या इस्पितळाचा पत्ता होता. आणि सर्वांत खाली, सगळ्यांच्या आधीचा, वहिनींचा अंगठा.

नवरा ट्रक घेऊन परगावी गेलेला. गाडी होती ती वर, धाकटीकडे.

त्या जिन्याच्या पायऱ्या वहिनींनी कधी अशा चढल्या नव्हत्या. एका हातात झाकणाची टोपली, आत रावसाहेब. दुसऱ्या हातात गुच्छ. टोपली एकटीच असती तर काही सांगता आले असते. पण फूल सोबत घ्या, असे लिहिले होते. भगवंताला माणसाचा अहंकार काढायचा असला की तो असा दोन्ही हात भरून वर पाठवतो.

धाकटीने दार उघडले. तिची नजर फुलांवर गेली, मग टोपलीवर, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

‘‘तुझी फुलं आहेत,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘सकाळी आली. मी ठेवून घेतली. रावसाहेबानं खाल्लीत.’’

धाकटीने नवऱ्याला हाक मारून गाडीची किल्ली मागितली आणि इस्पितळाला फोन लावतच ती जिना उतरली. वाटेत, गाडी वळणावर थांबली असताना, रस्त्याकडेच पाहत ती म्हणाली, ‘‘मला माहीत होतं, ताई.’’

‘‘काय?’’

‘‘फुलं खाली आलीत ते. पाठवणाऱ्यांनी सकाळीच फोन केला होता, मिळाली का म्हणून. मी मनात म्हटलं, तुम्हाला आवडली असतील, राहू देत. कसली आहेत, तेवढं विचारायला हवं होतं.’’

वहिनींनी टोपली छातीशी धरली. शिवी दिली असती तर परतवता आली असती. हे परतवता येत नव्हते. ‘‘पाठवणारा तरी तुझं पान वाचत नाही का गं?’’ त्या कशाबशा म्हणाल्या.

‘‘त्यांच्याकडे कुत्रा आहे. ते कुत्र्यांचं वाचतात.’’ मग धाकटी म्हणाली, ‘‘तुम्ही तर सगळंच वाचता. म्हणून मी निर्धास्त होते.’’

‘‘मी एकही वाचलं नाही,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘फक्त तुझं कौतुक वाचायचे. रोज.’’

धाकटीने त्यांच्याकडे पाहिले. मग तिने गाडी पुढे घेतली.

डॉक्टरांनी फूल पाहिले, किती वेळ झाला ते विचारले आणि म्हणाले, लवकर आणलंत. रावसाहेबांचे पराग पुसून काढले, पायाला सलाईन लावले, रक्त तपासायला घेतले. काही दिवस त्याला तिथेच ठेवावे लागले. दोघी जावा तिथल्या बाकावर शेजारी शेजारी बसत; एकीच्या हातात फोन, एकीच्या हातात टोपलीचे झाकण. वहिनींनी त्या बाकावर धाकटीचे लेख वाचून काढले. तीन ठिकाणी चुका आहेत म्हणाल्या. डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांतल्या दोन वहिनींच्याच निघाल्या. धाकटी मनमोकळी हसली आणि वहिनींना राग आला. पण तो साधा राग होता, धुतल्यासारखा.

रक्ताचा शेवटचा अहवाल चांगला आला. पिंजऱ्याचे दार उघडले, तसा रावसाहेब लंगडत बाहेर आला, त्याने दोघींकडे पाहिले आणि जाऊन धाकटीच्या मांडीवर बसला. वहिनींच्या छातीत ती ओळखीची कळ उठली. मत्सर एका दिवसात मरत नाही; देवाघरचा पाहुणा नव्हे तो, की निरोप घेऊन जाईल. पण या खेपेला त्या कळेकडे पाहून त्यांना हसू फुटले.

‘‘बस मेल्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हिच्या नवऱ्याला शिंका आल्या की येशील खालीच.’’

पुढल्या आठवड्यात खालची घंटा वाजली. शेजारचा शिंपी आपली मांजर काखेत धरून उभा होता. वरच्या बाईंना जरा विचारायचं होतं, तो चाचरत म्हणाला. वहिनींसमोर असे म्हणायला लोक अलीकडे बिचकत. वहिनींनी हात पुसले. खिडकीत रावसाहेब होता आणि बरणीची जागा रिकामी होती.

‘‘घरात फुलं कसली ठेवता, ते आधी मला सांगा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मग वर जा. आणि तिनं लिहिलेलं वरून वाचा बरं, तळापासून नको.’’