खारोबाने उतरवलेली फांदी

तिचं काम बिनबोभाट चालायचं. वनस्पतिसंग्रहालयाच्या मागच्या लांबट खोलीत बसून वर्तमानपत्रांत दाबून वाळवलेल्या फांद्या अलगद सोडवायच्या आणि डिंकाने, दोऱ्याच्या टाक्यांनी जाड कागदावर बसवायच्या. इथल्या रानातलं झाडन् झाड नोंदवायला तीन-चार देशांचे संशोधक एकत्र आले, तेव्हापासून गठ्ठ्यांना अंत नव्हता. प्रत्येक झाडाची एक फांदी इथे राही, बाकीच्या परदेशी जात.

नवराही याच कामावर होता. उंच झाडांवर चढून फुलोरा उतरवायचा, म्हणून सगळे त्याला खारोबा म्हणत. परदेशी पाहुण्यांना 'ख' काही जमेना. त्यांचा तो 'कारोबा' झाला. "आई, मला आता चाकं फुटलीत!" असं घरी येऊन त्याने सांगितलं, तेव्हा सासूबाई हसून हसून बेजार झाल्या होत्या.

मग एका फेरीत दोर बांधलेली फांदीच मोडली. खारोबा खाली आला तो गेलाच. हातातला फुलोरा तेवढा सुटला नव्हता.

ती कामावर परतली तेव्हा त्याच फेरीचा गठ्ठा टेबलावर होता.

"ती फांदी दुसरं कुणीतरी लावेल," साहेब खाली मान घालून म्हणाले.

"नको. मीच लावते."

देठाजवळची पानं मुठीत आवळल्यासारखी चुरगळली होती. एरवी ओल्या कापसाने तिने ती सरळ केली असती. त्या दिवशी हात धजावला नाही. आहेत तशीच तिने ती कागदावर टाचली.

काही महिन्यांनी पथकातल्या परदेशी बाईंनी कळवलं, की हे झाड नवीनच दिसतंय. तसं ठरलं तर खारोबाचं नाव देऊ. सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं. ज्याला त्याला थांबवून म्हणायच्या, "माझ्या पोराच्या नावाचं झाड होणार आहे." कित्येक दिवसांनी त्या पोटभर जेवू लागल्या.

पुढच्या खेपेला बाई स्वतः आल्या. तिच्या टेबलाशी बसल्या, आपल्या भाषेत काहीतरी बोलल्या. साहेबांनी समजावून सांगितलं. दूरच्या एका देशात हेच झाड फार पूर्वी सापडलं होतं, त्याला नावही होतं. आता बदलता येणार नव्हतं.

घरी सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. तिने आडवळण न घेता सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे त्या लोकांना ते आधीच ठाऊक होतं?"

"तिकडे ठाऊक होतं, आई. आपल्याकडे पहिल्यांदाच मिळालं."

"मग माझ्या पोराला कशाला चढवलं गं?"

ती शेजारी बसली आणि उरलेली भाजी निवडू लागली. सासूबाईंचे हात मांडीवर तसेच पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी दोघी बाजारात निघाल्या, तर कोपऱ्यावरच्या शिंपिणीने हटकलंच.

"काय हो, झाडाचं आलं का नाव?"

तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर सावरला.

"येईल की," त्या म्हणाल्या. "मोठ्या लोकांची कामं ती. वेळ लागतो."

आणि शिंपीण आणखी काही विचारायच्या आत, सुनेचा दंड घट्ट धरून, त्या भराभरा पुढे निघाल्या.