आंटीजींची यादी

माझ्या बायकोने आयुष्यात एकाच माणसावर अन्याय केला, आणि तोही पुराव्यासकट. ती स्वतः हे कधी सांगणार नाही, म्हणून मी सांगतोय. शिवाय त्यात माझाही हात आहे.

सुहासिनी लखनौच्या एका संशोधन संस्थेत तीस वर्षं वाळवलेल्या वनस्पती ओळखण्याचं काम करत होती. कागदावर चिकटवलेलं झाड, खाली चिठ्ठी: नाव काय, कुठे मिळालं, कोणी तोडलं, कधी. या कामाचा एक दंडक आहे. आधीच्या माणसाने नाव चुकीचं लिहिलं असेल तरी त्याची चिठ्ठी काढायची नाही. शेजारी नवी चिकटवायची, आपली सही आणि तारीख घालून. चूकसुद्धा नोंद असते, असं ती म्हणायची आणि मी मान डोलवायचो. इतक्या वर्षांच्या संसारात मला तेवढं एक छान जमायला लागलंय.

ती निवृत्त झाल्यावर आमच्या लेकीने, शर्वरीने, बेंगळुरूत बसून तिला एका ऑनलाइन खेळात ओढलं. फोनवर मायलेकींचं बोलणं ‘जेवलीस का’च्या पुढे जात नसे. खेळात मात्र दोघी तासभर जंगलं तुडवायच्या. तिथे एक बाजारही होता. खेळाडू आपल्या तलवारी, ढाली एकमेकांशी बदलून घेतात. दुसऱ्याच आठवड्यात कोणीतरी हिला गंडवलं. आधी अस्सल ढाल दाखवली, मग ‘नेट गया’ म्हणून सौदा मोडला आणि पुन्हा मांडताना तशीच दिसणारी फुटकळ ढाल ठेवली. हिने घाईत होकार दिला.

ढाल गेल्याचं तिला काही नव्हतं, आपल्याला ओळखता आली नाही याचा संताप होता. दोन दिवस दोन्ही ढालींची चित्रं मोठी करून बघत बसली.

“अहो, खऱ्या ढालीच्या काठावर पानं समोरासमोर आहेत. हिच्यावर एकाआड एक.”

मला दोन्हीकडे पानंच दिसली.

तिथून यादी सुरू झाली. ती मुद्दाम सौदे करायची, स्क्रीन रेकॉर्ड करायची आणि लबाड सापडला की त्याचं खेळातलं नाव, तारीख, व्हिडिओ, सगळं इंटरनेटवर उघड मांडायची. वर्षभरात एकोणचाळीस नावं झाली. ‘आंटीजी की लिस्ट’ बघितल्याशिवाय कोणी सौदा करेना. गोमती नगरातल्या आमच्या सोसायटीत हिला चार माणसं ओळखत नव्हती, आणि तिकडे हजारो पोरं हिच्या शब्दावर चालत होती. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

चाळिसावं नाव ‘मुसाफिर’. व्हिडिओत त्याने ढाल बदललेली स्पष्ट दिसत होती.

आठवड्याने त्याचा निरोप आला, मी लखनौचाच आहे, भेटायला येऊ का? हेल्मेट मांडीवर घेऊन तो आमच्या सोफ्याच्या कडेवर बसला. खरं नाव हर्षवर्धन, आलमबागेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान. त्याचा पासवर्ड कोणीतरी चोरला होता आणि हिच्याशी सौदा झाला त्या सुमारास चार दिवस त्याच्या नावाने दुसराच माणूस खेळत होता. तसं खेळाच्या कंपनीचं पत्रच त्याने आणलं होतं. सुहासिनीने ते दोनदा वाचलं. तुझी काही चूक नाही, म्हणाली. त्याला पोहे दिले आणि त्याच्यासमोरच यादीत त्याच्या नावाखाली लिहिलं: दुरुस्ती, खातं चोरीला गेलं होतं, मूळ खेळाडू निर्दोष. खाली सही, तारीख.

“आंटी, नाम ही हटा दीजिए,” तो म्हणाला. “नीचे तक कोई नहीं पढ़ता.”

“वीडियो तो सच्चा है ना, बेटा. एक नाम हटाया तो बाकी लिस्ट पर कौन भरोसा करेगा?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी बोलायला हवं होतं. बोललो ते असं: “बेटा, उसूल की बात है.”

पोहे त्याने अर्धे टाकले.

पुढे शर्वरीकडून कळत गेलं. त्याचं नाव दिसताच लोक सौदा बंद करत. ज्यांच्याबरोबर तो सात वर्षं खेळला त्यांनीही त्याला गटातून काढलं. “मम्मी, वो कोई सूखा पत्ता नहीं है,” शर्वरी एकदा म्हणाली, आणि त्यानंतर खेळात यायची बंद झाली. सुहासिनीने दोन महिने तग धरला. मग एका सकाळी चहा गार होईपर्यंत स्क्रीनकडे बघत बसली आणि नाव पुसलं. त्याला कळवायला गेली, तर तोवर त्याने खातंच मिटवून टाकलं होतं. यादीत एक्केचाळिसावं नाव कधी आलं नाही.

गेल्या मार्चमध्ये तिच्या फोनची काच फुटली. गोमती नगरात दुरुस्तीची दहा दुकानं असतील. ती म्हणाली, आलमबागेत जाऊ. मी स्कूटर काढली.

हर्षवर्धनने ओळखलं, नमस्ते केलं, अर्ध्या तासात काच बसवली. ती वाटेत पाठ केल्यासारखं काहीतरी पुटपुटत आली होती. प्रत्यक्षात एवढंच म्हणाली, “बेटा, मैंने नाम हटा दिया. गलती मेरी थी.”

“हाँ आंटी, किसी ने बताया था.”

“फिर से खेलो ना.”

“अब कहाँ, आंटी.”

त्याने फोन पुढे केला. तिने न बघताच तो पर्समध्ये टाकला.

“नहीं आंटी, पहले देख लीजिए,” तो म्हणाला. “कैमरा, सिम, सब. आपका ही है ना? बदला तो नहीं?”

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. तो समोर उभा राहून वाट बघत होता, म्हणून तिने फोन पुन्हा बाहेर काढला, चष्मा लावला, उलटासुलटा करून पाहिला. कॅमेरा उघडला, मला फोन लावून बघितला. माझ्या खिशात घंटी वाजली.

“मेरा ही है, बेटा,” ती म्हणाली.